आत्याला निकेल सोसत नाही

आमची आत्या टांकसाळीत नोकरीला आहे हे कळलं की समोरचा माणूस हमखास म्हणायचा, "मग काय बुवा, तुमच्या घरी पैशाला काय तोटा!" हा विनोद मी इतक्यांदा ऐकला आहे, की तो करणाऱ्या माणसाबद्दलचं माझं मत तिथल्या तिथे कायमचं ठरतं. खरी गोष्ट अशी की ज्या घरात टांकसाळीचं माणूस असतं, त्या घरात सुटे पैसे कधीच नसतात. तिथे नाणं घेऊन आत जाता येत नाही आणि घेऊन बाहेर तर नाहीच नाही. फाटकावर खिसे, पाकीट, डब्याची पिशवी सगळं झटकून दाखवायचं आणि चहासाठी प्लॅस्टिकची टोकनं घ्यायची. दिवसभर नाण्यांच्या राशीपाशी बसून आत्या संध्याकाळी घरी यायची ती फुटकी कवडीही न घेता. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला ती "सुटे नाहीत" म्हणायची, तेव्हा तो तिच्याकडे असा बघायचा की जणू मिठाच्या व्यापाऱ्याने घरात मीठ नाही म्हणून सांगितलंय.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्नाचं वय निघून गेलं तेव्हा ती कामावर होती, असं बाबा म्हणत. यापलीकडे त्या विषयावर आमच्या घरात कोणी बोललेलं नाही. ती आमच्याकडेच राहायची, मागच्या खोलीत. नणंद-भावजयीत जी काही भांडणं व्हायची असतात ती तिच्यात आणि आईत रोज वेळच्या वेळी होत, शिल्लक ठेवायची सवय दोघींनाही नव्हती.

तिचं काम तपासणीच्या खोलीत. लांब टेबल, त्यावरून सरकणारा पट्टा, दोन्ही बाजूंना स्टुलांवर बायका. ठसा मारलेली नाणी पट्ट्यावरून वाहत यायची आणि बायकांनी त्यातली खोटी वेचायची. खोटी म्हणजे बनावट नव्हे, जन्मतःच बिघडलेली. एखाद्याचा ठसा सरकलेला, एखाद्याचा काठ बसका, एखाद्याच्या कडेला केसाएवढी धार राहिलेली. डोळ्यांना यातलं निम्मंच दिसतं, उरलेलं बोटांना कळतं. म्हणून त्या खोलीत हातमोजे चालत नसत. हातमोजे घातले की बोटं बहिरी होतात, असं तिथल्या बायकांचं म्हणणं. संध्याकाळपर्यंत बोटं काळी व्हायची. घरी आल्यावर नळाखाली हात धरून आत्या म्हणायची, "पैसा म्हणजे हाताचा मळ," आणि आलेल्या पाहुण्यांना तिच्यात केवढं वैराग्य दिसायचं. ती फक्त साबण मागत असायची.

त्या टेबलाच्या डोक्याशी एक पाठीची खुर्ची होती. खोलीतली एकुलती एक. तिच्यात बसणाऱ्या बाईंना सगळ्या मोठ्या बाई म्हणत. कुणाला नाण्याची शंका आली की ते नाणं हातोहात मोठ्या बाईंकडे जायचं, त्या अंगठा फिरवायच्या आणि म्हणायच्या, "जाऊ दे," नाहीतर म्हणायच्या, "नको." त्यावर अपील नाही. आत्याला पगारवाढ नको होती, मान नको होता, असं ती म्हणायची. तिला ती खुर्ची हवी होती. मोठ्या बाई वर्षअखेरीस निवृत्त होणार होत्या आणि नंतर आत्याच, हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण सरकारी काम ते. सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीचीसुद्धा तिथे परीक्षा घेतात.

नेमकी त्याच वर्षी तिची बोटं खाजायला लागली.

आधी लाल झाली, मग सालपटं निघाली, मग पेरांवर चिरा पडल्या. आत्याने निदान तत्काळ केलं: भांड्यांचा साबण. आणि तो साबण आईने निवडलेला. आईने पहिल्यांदा आढेवेढे घेतले, मग साबण बदलला, मग आणखी महागातला आणला, आणि शेवटी "ठेवा वन्सं, मीच घासते" म्हणून भांडी स्वतःकडे घेतली. भांडी घासताना ती भांड्यांशी जे बोलायची ते आम्हा सगळ्यांना ऐकू जावं इतक्या मोठ्याने बोलायची. बोटं काही सुधारेनात. मध्येच आत्याची बरीच रजा साठली म्हणून ती सक्तीने घरी बसली, तर हात एकदम लोण्यासारखे झाले. कामावर गेली आणि आठवड्यात पहिले पाढे पंचावन्न. तेव्हा मी तिला धरून त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

डॉक्टरबाईंनी तिच्या पाठीवर छोट्या छोट्या चौकोनी पट्ट्या चिकटवल्या, प्रत्येकीखाली वेगळा पदार्थ. दोन दिवसांनी काढल्या तर सगळी पाठ स्वच्छ आणि एकाच चौकोनाखाली लालभडक गांध.

"निकेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमच्या अंगाला ते सोसत नाही. नकली कानातली, पँटची बटणं, घड्याळाचा पट्टा, सगळीकडे असतं. जपायचं. तसं नाण्यांतही असतं, पण माणूस दिवसाकाठी असा कितीसा नाण्यांना हात लावतो?"

"तेच तर," आत्या म्हणाली.

"काम काय करता?"

"घरकाम."

मी शेजारीच बसले होते. आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की माझं उघडलेलं तोंड आपोआप मिटलं. घरकाम हा शब्द आईने ऐकला असता तर तिने तिथेच दुसरी चिठ्ठी फाडायला लावली असती, मनस्तापाची.

बाहेर आल्यावर मला कळलं की ती खोटं का बोलली. ज्या बाईच्या हाताला नाण्यांचा त्रास होतो तिला टेबलावर ठेवत नाहीत, नियमच आहे. तिला फाटकाशी टोकनांच्या खिडकीवर बसवतात. काचेमागे बसायचं, प्लॅस्टिकची टोकनं मोजून द्यायची. पगार तोच, पंखा जास्त चांगला. "पण तिथे प्लॅस्टिक असतं गं," आत्या म्हणाली. ती रडवेली झाली होती, आणि आत्या रडवेली झालेली मी तोवर पाहिली नव्हती.

आणि चीड कशाची, तर त्या नाण्यात निकेल असतं तरी किती! लोक त्या पांढऱ्या नाण्याला निकेलचं नाणं म्हणतात. आत्या लहानपणापासून आम्हाला सांगत आली होती, की त्यात चार भागांतले तीन भाग नुसतं तांबं असतं. निकेल एकच भाग. पण तो एक भाग उरलेल्या तिघांना असा पांढराफटक करून सोडतो की तांब्याचा मागमूस राहत नाही. "आमच्या वहिनींसारखं," असं ती पुढे जोडायची, आणि स्वयंपाकघरातून आई म्हणायची, "ऐकू येतंय हं!" आता त्याच एका भागाने आत्याच्या तोंडचा घास काढायचं ठरवलं होतं. तीन भाग तांब्याची तिच्याविरुद्ध काहीएक तक्रार नव्हती.

डॉक्टरबाईंनी जाता जाता सांगितलं होतं, की पँटच्या बटणाला आतून बिनरंगी नेलपॉलिश लावा, म्हणजे धातू अंगाला लागत नाही. आत्याने त्यावर रस्ताभर विचार केला. कोट्यवधी नाण्यांना पॉलिश लावणं काही शक्य नव्हतं, तेव्हा तिने ते बोटांना लावायचं ठरवलं. जी बाई आयुष्यभर पावडरला "पीठ" म्हणत आली ती सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात शिरली आणि बिनरंगी नेलपॉलिशची बाटली मागितली. दुकानातली मुलगी म्हणाली, "मावशी, तुम्हाला गुलाबी शोभेल." आत्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

एक पातळ हात दिला की काठाची धार जेमतेम कळायची. दोन हात दिले की बोट ठार बहिरं. आत्या रोज सकाळी मागच्या खोलीचं दार लावून बोटांच्या पेरांना एकच हात द्यायची आणि वाळेपर्यंत भूत दिसल्यासारखी बोटं फाकवून बसायची. घरभर तो वास सुटायचा. वास लपवता येत नाही आणि आईचं नाक म्हणजे पोलिसातलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिला कपाटामागे बाटली सापडली.

"पन्नाशीला?" आई मला म्हणाली. धक्क्यापेक्षा आनंदच जास्त होता तिच्या आवाजात. "आणि बिनरंगी! रंगीत लावणाऱ्या बऱ्या गं, बिनरंगीवाल्या खऱ्या बेरकी."

कुणाला सांगणार नाही असं मी आत्याला वचन दिलेलं होतं, गप्प बसले. माझ्या गप्प बसण्याचा आईने हवा तो अर्थ लावला. कोण असेल, याचाही शोध तिने लावून टाकला: वजनवाले. पट्ट्याच्या शेवटी नाण्यांच्या पिशव्यांचं वजन करणारे एक गृहस्थ होते, विधुर, कमी बोलणारे, नेहमी स्वच्छ रुमाल बाळगणारे. आत्या त्यांच्याबरोबर बसस्टॉपपर्यंत चालत येताना आईला एकदा दिसली होती. आईच्या हिशेबी एवढा पुरावा रग्गड झाला. तिने बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "बरं झालं," आणि पेपराचं पान उलटलं.

आणि एका रविवारी सकाळी वजनवाले खरोखरच आमच्या दारात उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी लावून पाडलेला भांग. आईने कपाटातले चांगले कप काढले, बाबांना पेपर खाली ठेवायला लावला, आत्याला हाक मारली आणि स्वतः समोर बसली.

"मुलंबाळं?" आईने सुरुवात केली.

"कुणाला?"

"तुम्हाला."

"एक मुलगी. लग्न होऊन गेली."

"म्हणजे घरात एकटेच."

"हो." त्यांनी चहाचा घोट घेतला, आत्या येऊन बसली तसे तिच्याकडे वळले. "पक्कं झालं. वरून कागद आलाय."

आईने बाबांना कोपराने ढोसलं.

"पांढरं नाणं बंद होतंय," वजनवाले म्हणाले. "निकेल फार महागलंय. नाण्याच्या किमतीपेक्षा त्यातल्या धातूची किंमत जास्त व्हायला लागली, कुणी वितळवून विकलं तर पंचाईत. नव्या वर्षापासून पोलादाचं नाणं. न गंजणारं. लोखंड आणि क्रोमियम, बस. निकेल औषधालाही नाही."

आत्याने दोन्ही हात तोंडावर नेले.

"म्हटलं आजच सांगावं," ते म्हणाले. "तेवढीच तुमच्या हातांना उमेद. पिशवी बांधताना दिसतात मला. मी कुठे बोललो नाही."

"हातांना?" आई म्हणाली. "हातांचं काय? तो तर साबण ना?"

मग आत्यानेच सगळं सांगितलं: डॉक्टरबाई, पट्ट्या, निकेल, नेलपॉलिश, खिडकी, खुर्ची. आईच्या चेहऱ्यावरून एक सबंध लग्न उतरून गेलं. तिचा पहिला प्रश्न अर्थातच होता, "म्हणजे इतके महिने भांडी मी उगाच घासतेय?" पण तो विचारताना तिने आत्याचा हात ओढून घेतला, उजेडात उलटा करून बघितला, आणि पुढचं बोलणं गिळलं. आमच्या घरात ही बातमी होती.

वजनवाल्यांनी कप नीट बशीत ठेवला आणि निघाले. मला अजून वाटतं की भांग काही पोलादासाठी पाडलेला नव्हता. पण तो माणूसच असा, की वजन झाल्याखेरीज तोंडातून आकडा काढायचा नाही.

मधे फक्त परीक्षा राहिली, आणि ती पांढऱ्या नाण्यांवरच व्हायची होती. मोठं तबक, त्यावर कापड, कापडाखाली हात घालायचे आणि न बघता खोटी नाणी बाजूला काढायची. समोर साहेब, शेजारी मोठ्या बाई. आत्याने आदल्या संध्याकाळी पॉलिश उतरवलं. "एक हात राहू दे ना," मी म्हटलं. "एवढी रिस्क कशाला?" ती म्हणाली, "त्या खुर्चीवर बहिऱ्या बोटांनी बसू?" तिने उघड्या, चिरा पडलेल्या बोटांनी परीक्षा दिली आणि सगळी खोटी नाणी बरोबर वेचली. कापड उचललं तेव्हा दोन-तीन नाण्यांना रक्त लागलेलं होतं. साहेबांनी विचारलं, हे काय? आत्या म्हणाली, "भांड्यांचा साबण." साहेब कळवळून म्हणाले, "आमच्याही घरी तोच त्रास आहे हो." आईच्या साबणाने शेवटी कुणाचं तरी भलं केलं.

आत्याला खुर्ची मिळाली. नव्या वर्षी पोलादाची नाणी आली, आणि महिन्याभरात तिचे हात असे झाले की बसमध्ये एका बाईने तिला विचारलं, कुठलं क्रीम लावता?

इथे ही गोष्ट संपली असती तर मी देवाला मानलं असतं.

पांढऱ्या नाण्याला लोहचुंबक चिकटत नाही. पोलादाच्या त्या नाण्याला चिकटतं. आता जी वस्तू चुंबक उचलू शकतं तिच्यासाठी बायका कोण ठेवणार? काही महिन्यांतच एक यंत्र आलं. त्यात पट्ट्याखाली चुंबक, नाणं जागच्या जागी पकडून ठेवणारं, वर कॅमेरा, आणि खोटं नाणं दिसलं की हवेचा एक फुर्रकन झोत त्याला खाली पाडतो. टेबल काढून नेलं. स्टुलं काढून नेली. बायका वाटल्या गेल्या, कुणी बांधणीत, कुणी दप्तरात, कुणी टोकनांच्या खिडकीत. गरज सरो, वैद्य मरो. आत्याला मात्र हलवता येईना, कारण ती रीतसर परीक्षा देऊन मोठ्या बाई झालेली. तेव्हा त्या मोकळ्या खोलीत यंत्राशेजारी ती पाठीची खुर्ची ठेवली आणि खुर्चीत आत्याला. यंत्र अडकलं की लाल दिवा लागायचा, दिवा लागला की आत्याने मेकॅनिकला फोन करायचा. एवढंच काम.

"दात आहेत तर चणे नाहीत," बाबा म्हणाले, आणि मला त्यांचा इतका राग आला की मी ताटावरून उठले. आत्या नाही उठली. तिने गुळगुळीत बोटांनी जेवण संपवलं, हात धुतले आणि खोलीत गेली. हात धुवायला साबणाचीही गरज नव्हती.

मग एके दिवशी साहेबांनी तिला बोलावून घेतलं. बाहेरून मोठे पाहुणे यायचे होते, टांकसाळ बघायला. यंत्र तर दाखवायचंच, पण पूर्वी हे हातांनी कसं चालायचं तेही दाखवलं तर छान वाटेल, असं कुणीतरी सुचवलं होतं. जुन्या पांढऱ्या नाण्यांचं एक तबक त्यासाठी राखून ठेवलं होतं.

"तुम्हाला सवय राहिली नसेल," साहेब म्हणाले, "म्हणून आम्ही खोट्या नाण्यांना मागून शाईचा ठिपका दिलाय. पाहुण्यांना दिसणार नाही. तुम्ही काळजी करू नका."

साहेब मनाने चांगले होते हो, त्यातच सगळी पंचाईत आहे. वाईट माणसावर निदान ओरडता तरी येतं.

आत्या घरी आली ती चपला न काढताच सोफ्यावर बसली. "ठिपका," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "अगं, मग बरंच आहे की. कापड नाही, परीक्षा नाही. ठिपका बघायचा, उचलायचं. हातालाही त्रास नाही, चिमटीत धरलंस की झालं. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना."

ती हाताची बोटं एकमेकांवर घासत होती. मग हळूच म्हणाली, "मला भीती वाटते गं. दिवसभर काहीच हाताला लागत नाही. खरंच विसरली असतील तर?" घरात पांढरी नाणी आहेत का, असं तिने विचारलं. आमच्या घरात नाणी! मी सगळे डबे, सगळ्या पर्सा उलट्या केल्या. आई दारात उभी राहून ऐकत होती. काही बोलली नाही, म्हणून मला वाटलं हिला यातलं काही कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या पायरीवरून खरखर आवाज यायला लागला. जाऊन बघते तर आई खाली बसली होती. शेजारी वाडगाभर जुनी पांढरी नाणी. कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे नोट मोडून तिने एकेक निवडून घेतली होती. दुकानदाराने म्हणे विचारलं, "टांकसाळ बंद पडली का?" त्यातली काही नाणी आई पायरीच्या दगडावर घासत होती, एकाचा काठ इकडून, एकाचा तिकडून.

"अगं, सरकारी नाणं आहे ते," बाबा मागून येऊन म्हणाले. "गुन्हा आहे हा."

"मग जाऊन सांगा," आई म्हणाली आणि पुढचं नाणं घेतलं.

संध्याकाळी आत्या आली तेव्हा जेवणाच्या टेबलावर वाडगा होता, वर स्वयंपाकघरातलं फडकं, आणि शेजारी डॉक्टरबाईंनी दिलेली मलमाची ट्यूब. आत्याने फडक्याचं टोक उचलून पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि खुर्ची ओढली. दोन्ही हात फडक्याखाली गेले. तिने डोळे मिटले. नाणी आतल्या आत सरकत होती, त्यांचा बारीक आवाज येत होता. आई समोर हनुवटीवर मूठ टेकून बसली होती. तिने स्वतः केलेली खोटी नाणी ओळखू यावीत का येऊ नयेत, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं.

बऱ्याच वेळाने एक नाणं बाहेर आलं. मग दुसरं. मग पटापट आणखी. वाडग्याच्या एका बाजूला आईने घासलेली सगळी नाणी जमली, एकही सुटलं नाही, चांगलं एकही त्यात नव्हतं. आत्याच्या बोटांची टोकं आत्ताच गुलाबी दिसायला लागली होती, का मलाच तसं वाटत होतं कोण जाणे. खरी खाज दुसऱ्या दिवशी यायची, हे आता घरात सगळ्यांना पाठ होतं.

आत्याने त्यातलं एक नाणं उजेडात धरलं.

"वहिनी, हे फार घासलंत. इतकं खोटं आमच्याकडे कधी येतच नाही."

"उद्या कमी घासीन," आई म्हणाली, आणि ट्यूबचं झाकण काढून तिचा हात पुढे यायची वाट बघत बसली.